पाच

मंगळवार, अडीच वाजता, तिसरा मजला.
लंबगोल टेबलाभोवती आम्ही अकरा जण,
बाराव्या खुर्चीवर प्रोजेक्टरची रिकामी पिशवी.
विषय फळ्यावर : सामाजिक विषमता आणि सुस्थिती.
‘सुस्थिती’पाशी निकुंभ सर तीनदा अडखळले :
कल्याण म्हटलं की सरकारी योजना वाटते,
सुख म्हटलं की कीर्तन.
शेवटी खडूची भुकटी झटकून म्हणाले, राहू दे हाच.

प्रश्न सतरावा.
समजा, ही एक शिडी आहे. पायऱ्या शून्य ते दहा.
सगळ्यात वर, तुम्हाला वाटतं तसं उत्तम आयुष्य.
सगळ्यात खाली, त्याच्या उलट.
आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात?
(एकाच आकड्याला गोल करा.)

माझ्या गठ्ठ्यात फॉर्म एकेचाळीस :
जिजाबाई खांडवी, वय ‘लिही चाळीस’,
पेठ नाक्यामागे पत्र्याची खोली,
पहाटे पाचला पिकअप, दिंडोरीकडचे द्राक्षबाग.
काम : मण्यांची विरळणी.
म्हणजे मांडवाखाली उभं राहून, मान मागे टाकून,
घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे,
उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून.
दिवसभर हात वर,
कुणी बंदूक रोखल्यासारखे.

शिडीचं चित्र तिनं बराच वेळ पाहिलं.
“हिला खालून धरलंय कुणी?”
सूचनापुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं.
मग म्हणाली,
“पहाटं गाडीत उभी असते ना, तवा दोन.
रातच्याला भाकरी झाल्या, पोरं भिंतीकडं वळून निजली,
पाय लांब केले, की आठ.
मधलं तुझं तू बघ.”

मी दोन गोल केले.

टेबलावर याची वीस मिनिटं चर्चा झाली.
ऋत्विज म्हणाला, आठ खरा नाही,
माणूस अपेक्षाच आखडून घेतो, याला संज्ञा आहे.
संज्ञा छान होती. सगळ्यांनी लिहून घेतली.
मेहजबीन म्हणाली, मग दोन तरी खरा कशावरून?
कुणीतरी म्हणालं, फॉर्म बाद करा.
सर म्हणाले, नको, नमुना आधीच लहान आहे,
सरासरी घ्या.

मी पाच टाइप केलं.
पाचवर ती एक मिनिटही उभी नव्हती.

मी हेही बोलले नाही की
बारावीनंतरचे दोन हंगाम
सुरगाण्याहून येऊन त्याच नाक्यावर
मीही गाडीची वाट पाहिली आहे,
माझी कात्री अजून हॉस्टेलच्या पेटीत आहे,
तिच्या पात्यांत चिकाचा काळा थर आहे.
बोलले असते तर
मी टेबलाच्या कुठल्या बाजूला, हा प्रश्न आला असता,
आणि चहा यायची वेळ झाली होती.

पडद्यावर आलेख आला.
पाचवरचा खांब सगळ्यांत उंच, निळा.
“पाहा,” सर म्हणाले, “बहुसंख्य लोक मध्यम समाधानी.”
मी त्या निळ्यात किती पहाटा आणि किती रात्री
गोळा झाल्यात ते मोजायला लागले,
तोवर पुढची स्लाइड.

एक राहिलं.
त्या दिवशी उठताना तिनं विचारलं होतं,
“आन् तू गं? कितवी?”
म्हटलं, माझा फॉर्म नसतो.
हसली. पेन मागून घेतला,
कात्री धरतात तसा धरला,
आणि शिडीच्या दोन्ही पायांखाली
समासात एक आडवी, वाकडी रेघ ओढली.
“ही भुई. नाय तर टेकवायची कुठं?”

स्कॅनरनं समास घेतला नाही.
मूळ कागद विभागात जमा करायचा असतो.
मी अजून केलेला नाही.